शेवटचं नीट कधी पाहिलं?

बाबांना मी पुण्यात आणलं ती माझी चूक होती, हे लिहायला मला तीन वर्षं लागली. मनात काही वाईट नव्हतं, उलट सगळे नातेवाईक म्हणत होते की पोरीने नाव काढलं, पण जे झालं ते सांगायला हवं कारण माझ्या वयाच्या कितीतरी जणांच्या घरात आत्ता हाच विषय चालू आहे, आई किंवा वडील एकटे राहिलेत, गावी आहेत, आता काय करायचं.

२०२२ च्या जानेवारीत आई गेली. बाबा तेव्हा ७१ वर्षांचे. एसटीत आधी कंडक्टर आणि शेवटची काही वर्षं कंट्रोलर, सगळी नोकरी साताऱ्यात. डायबेटिस पंधरा वर्षांपासून, बीपीची एक गोळी, बाकी तब्येत ठणठणीत. आईचं दिवसकार्य उरकलं आणि मी आणि माझा भाऊ (तो नाशिकला असतो) स्वयंपाकघरात बसून ठरवूनच टाकलं की बाबांना आता एकटं ठेवायचं नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "बघा, तुम्ही म्हणाल तसं." मी ते होकार म्हणून घेतलं.

वाकडला आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. बाबांना वेगळी खोली दिली, खिडकीशी पलंग, टीव्ही, स्वयंपाकाच्या मावशींना सांगून साखरेचं पथ्य, मोठं हॉस्पिटल दहा मिनिटांवर. मी आणि नवरा सकाळी नऊला बाहेर पडायचो ते सात वाजेपर्यंत, मुलगी चारला शाळेतून यायची आणि पुन्हा क्लासला जायची. रोज संध्याकाळी मी विचारायचे, बाबा जेवलात का, गोळ्या घेतल्या का, आणि ते हो म्हणायचे. घेतलेल्याही असायच्या, मी मोजायचे.

आठ महिन्यांत त्यांचं वजन सहा किलो उतरलं. बीपीची दुसरी गोळी सुरू झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी एचबीएवनसी टेस्ट असते ती ७.१ होती ती ८.६ वर गेली, आणि जेवण तर आधीपेक्षा कमी! थायरॉईडची तपासणी झाली, पोटाची सोनोग्राफी झाली, ईसीजी झाला, कशातच काही निघेना. मी रिपोर्टची जाडजूड फाइल केली, तारखेप्रमाणे लावलेली, आणि मला वाटायचं मी किती नीट लक्ष देतेय.

मग ऑक्टोबरमधली एक पहाट. मला अमेरिकेतल्या टीमबरोबर लवकरचा कॉल होता म्हणून पावणेसहाला उठले तर गॅलरीत लाईट. बाबा पायात बूट, डोक्यावर कानटोपी, हातात काठी, आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताहेत. आठ पावलं, वळायचं, आठ पावलं. शर्टाच्या खिशात फोन, स्पीकरवर, आणि त्यातून धापा टाकल्याचा आवाज, कोणीतरी म्हणतंय "आरं दमानं, तिकडं शेवाळ हाय", मागे दोघंतिघं कुणाच्या तरी नातवाच्या लग्नावरून बोलताहेत. मला कळायला थोडा वेळ लागला. साताऱ्यात त्यांचा जो पहाटेचा ग्रुप आहे, सगळे एसटीतले रिटायर, तो चार भिंतीच्या टेकडीवर चढत होता, आणि अण्णांनी आपला फोन आपल्या खिशात चालू ठेवला होता, आणि बाबा वाकडच्या गॅलरीतून त्यांच्याबरोबर चढत होते. आठ महिने, रोज. मला पत्ता नव्हता.

कॉलला मी बसलेच नाही त्या दिवशी.

अण्णा कोण ते सांगते. अण्णा म्हणजे बाबांचे ड्रायव्हर. सख्ख्या भावापेक्षा जास्त वर्षं ते एकत्र राहिलेत असं आई म्हणायची. ऐंशीच्या दशकात दोघांची ड्युटी बामणोलीच्या मुक्कामी गाडीवर असायची, म्हणजे संध्याकाळी साताऱ्याहून कासवरून गाडी न्यायची, रात्री बामणोलीतच गाडीत झोपायचं, आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत. पावसाळ्यात कासला धुकं असं की समोरचं बोनेट दिसत नाही, तेव्हा बाबा खाली उतरून बॅटरी घेऊन गाडीपुढे चालायचे आणि अण्णा त्या उजेडामागे गाडी घ्यायचे. असलं नातं आम्ही पोरांनी "बाबांचे मित्र" एवढ्या दोन शब्दांत बसवून टाकलं होतं, आणि निर्णय घेताना ते मोजलंच नव्हतं. आम्ही मोजलं ते हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे.

दिवाळीनंतर बाबांना साताऱ्याला परत नेऊन सोडलं. भाऊ चिडला, आत्या फोनवर म्हणाली लोक काय म्हणतील, दोन पोरं असून म्हातारा एकटा. मलाही रात्री झोप लागायची नाही. त्याच काळात मी यावर वाचायला लागले, खरं सांगायचं तर स्वतःच्या मनाची समजूत घालायला, आणि वाचता वाचता हादरले.

मला वाटायचं की माणसांचा सहवास वगैरे हे मनाला बरं वाटण्यापुरतं असतं, शरीराचं गणित वेगळं. तसं नाहीये. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुन्स्टाड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात तीन लाखांहून जास्त माणसं, सरासरी साडेसात वर्षं पाठपुरावा केलेली. ज्यांची नाती भक्कम होती त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. हा फरक सिगारेट सोडण्याने पडतो त्याच्या तोडीचा आहे. माझ्या मनात लगेच आलं की आजारी माणूस घराबाहेर पडत नाही म्हणून त्याची माणसं तुटतात, उलटंही असू शकेल की! पण त्यांनी तेही बघितलं होतं, सुरुवातीची तब्येत कशीही असो, बाई असो पुरुष असो, वय काहीही असो, फरक दिसतच होता.

आणि हार्वर्डचा तो प्रसिद्ध अभ्यास. १९३८ ला सुरू झालेला, ७२४ पुरुष, काही हार्वर्डचे विद्यार्थी आणि काही बोस्टनच्या गरीब वस्तीतली पोरं, आणि त्यांच्यामागे आयुष्यभर जाणारे डॉक्टर, रक्ततपासण्या, मुलाखती, सगळं. त्याचे आत्ताचे प्रमुख रॉबर्ट वाल्डिंगर सांगतात की ही माणसं ऐंशीत कशी असतील हे बघायला त्यांच्या पन्नाशीतली माहिती काढली, तर कोलेस्टेरॉलवरून अंदाज बांधता येत नव्हता, आपल्या नात्यांमध्ये ती किती समाधानी होती यावरून येत होता. मी हे वाचलं तेव्हा शेजारी बाबांची ती फाइल होती. कोलेस्टेरॉलचे चार रिपोर्ट त्यात.

पण सगळ्यात जास्त मला लागलं ते रोझेटोचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात हे छोटं गाव आहे, इटलीतल्या एकाच गावातून आलेल्या लोकांनी वसवलेलं. पुरुष दगडाच्या खाणीत राबायचे, चिरूट ओढायचे, वाईन प्यायचे, चरबीत तळलेलं खायचे, आणि तरी पन्नासच्या दशकात तिथे हार्ट अटॅकने मरणाऱ्यांचं प्रमाण शेजारच्या गावांपेक्षा खूपच कमी. स्टुअर्ट वुल्फ नावाच्या डॉक्टरांनी त्याचा माग काढला. पाणी तेच, हवा तीच, दवाखाने तेच. वेगळं काय, तर एकेका घरात तीन पिढ्या, संध्याकाळी सगळे ओट्यावर, कोणाचं काही अडलं तर गल्ली धावून येणार. पुढे तरुण पिढीकडे पैसा आला, गावाबाहेर कुंपणवाले बंगले झाले, गाड्या आल्या, आणि हळूहळू रोझेटोचे हार्ट अटॅक शेजारच्या गावाइतकेच झाले. पन्नास वर्षांच्या मृत्यूंच्या नोंदी ताडून बघितल्या तेव्हा हे अगदी स्पष्ट दिसलं. गिरगाव-लालबागच्या चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या लोकांशी जरा बोलून बघा, घर मोठं झालं पण दार बंद झालं हे प्रत्येक जण सांगतो. मी तर बाबांना रोझेटोतून उचलून अकराव्या मजल्यावर आणून ठेवलं होतं.

शरीरात नेमकं काय होतं याचं सगळंच एका वाक्यात सांगता येत नाही. पण धोका वाटला की शरीर जे करतं, बीपी वाढवणं, साखर रक्तात सोडणं, कॉर्टिसोल नावाचं ताणाचं हार्मोन वाढवणं, ते थोडा वेळ ठीक असतं, रोज दिवसभर चालू राहिलं तर शिरा, साखर, प्रतिकारशक्ती सगळ्यांवर ताण येतो. एकटा पडलेला माणूस बहुतेक सतत थोडा सावधच असतो, रात्री झोपेतसुद्धा. शेल्डन कोहेन यांनी १९९७ मध्ये २७६ धडधाकट लोकांच्या नाकात चक्क सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना वेगळं ठेवलं. ज्यांच्या आयुष्यात वेगवेगळ्या प्रकारची नाती जास्त होती, म्हणजे घर, मित्र, शेजार, कामावरचे, एखादं मंडळ वगैरे, त्यांना सर्दी कमी झाली. विषाणू तर सगळ्यांनाच दिलेला! मला यातलं "वेगवेगळ्या प्रकारची" हे फार महत्त्वाचं वाटतं. आम्ही बाबांना एकच नातं देत होतो, मुलीचं, आणि तेही संध्याकाळी सातनंतर.

आता ती डिसेंबर २०२३ ची गोष्ट. हे मला अण्णांनी सांगितलेलं, मी तिथे नव्हते.

थंडी कडाक्याची, चार भिंतीवरून उतरताना बाबा एका पायरीवर टेकले. सगळे थांबले. बाबांनी अण्णांना पाण्याची बाटली दिली आणि अण्णा बाटली न घेता त्यांच्याकडे बघत राहिले. बाटली डाव्या हाताने दिली होती. अण्णा म्हणाले, "उजवा हात दाव." तो अर्धाच वर आला. "तुझं नाव सांग." जीभ जड. बाबा म्हणत होते काही नाही, थंडीनं झालंय, बसू जरा. अण्णा म्हणाले, "बसायचं नाय, डबल बेल." तिघांनी उचलून खाली आणलं, ग्रुपमधल्या एकाने घरी फोन करून मुलाला गाडी घेऊन बोलावलं, सातच्या आत हॉस्पिटलात.

तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, यांना शेवटचं नीट कधी पाहिलं?

अण्णांनी उत्तर दिलं, सहा वाजून दहा मिनिटांनी, वरच्या हुतात्मा स्मारकापाशी, नीट बोलत होता, पेपरातल्या बातमीवर वाद घालत होता. सहा पंचवीसला हात गेला. कंट्रोल केबिनमध्ये गाडीची वेळ सांगावी तसं.

हा प्रश्न किती मोठा आहे हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते साडेचार तास मोजायचे कधीपासून, तर माणूस शेवटचा नीट दिसला तेव्हापासून. ती वेळच कोणाला माहीत नसेल तर बहुतेक वेळा इंजेक्शन देता येत नाही, कारण उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. बाबांचं सीटी स्कॅन झालं, रक्तस्राव नव्हता, आठच्या आत इंजेक्शन सुरू झालं.

मी पुण्याहून गाडीत होते, खंबाटकीचा घाट चढत होते, आणि माझ्या डोक्यात फक्त एक हिशोब चालू होता. बाबा त्या दिवशी वाकडला असते तर? पहाटे खोलीत एकटे. मी आठ वाजता चहा घेऊन गेले असते, दार लोटलेलं, मला वाटलं असतं झोपलेत, थंडी आहे, झोपू दे. कदाचित नऊला निघताना हाक मारली असती. आणि मग दहा मिनिटांवरच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात मला विचारलं असतं, शेवटचं नीट कधी पाहिलं? काल रात्री साडेदहाला, जेवताना.

मी पोचले तेव्हा बाबा आयसीयूत, आणि अण्णा आत. कसे सोडले त्यांना माहीत नाही, सिस्टरांशी भांडले असतील. स्टुलावर बसून बाबांचा उजवा हात, जो हलत नव्हता तो, दोन्ही हातात धरलेला. पुढे कधीतरी मी जेम्स कोन यांचा २००६ चा प्रयोग वाचला, सोळा लग्न झालेल्या बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून सांगायचे की आता विजेचा हलका झटका बसू शकतो आणि मेंदूत काय होतं ते बघायचे. हात कोणी धरला नसेल तर मेंदूतले भीतीचे भाग जोरात, अनोळखी माणसाने धरला तर थोडे शांत, नवऱ्याने धरला तर सगळ्यात शांत, आणि ज्यांचं नवरा-बायकोचं जास्त चांगलं त्यांच्या मेंदूत जास्त शांत. ते वाचताना मला अण्णांचे ते हातच दिसत होते, स्टिअरिंग धरून धरून घट्टे पडलेले.

बाबा सहाव्या दिवशी घरी आले. हाताला फिजिओथेरपी, आणि बोलण्यासाठी स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी सांगितलं रोज मोठ्याने वाचा, शब्द म्हणा. बाबांना लाज वाटायची, माझ्यासमोर तोंड उघडायचे नाहीत. ग्रुपने उपाय काढला. रोज संध्याकाळी दोघंतिघं घरी यायचे आणि बाबांनी स्टॉप पुकारायचे, एकेक रूट घेऊन. महाबळेश्वर लावा म्हटलं की मोळाचा ओढा, कण्हेर, मेढा, केळघर. "मेढा" म्हणायला अडीच आठवडे लागले. ज्या दिवशी ढ नीट आला त्या दिवशी अण्णांनी सगळ्यांना कंदी पेढे वाटले, डायबेटिसवाल्यांना अर्धा.

कोणाला वाटेल मी म्हणतेय की मुलांनी आईवडिलांना गावी सोडून मोकळं व्हावं. तसं अजिबात नाही. ज्यांचं गावात कोणी उरलेलंच नाही त्यांना तिथे एकटं ठेवणं हा अन्याय आहे. आणि नुसती माणसं असूनही भागत नाही, ओहायोत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी नवरा-बायकोंच्या हातावर छोट्या जखमा करून मोजलंय, ज्या जोडप्यांमध्ये एकमेकांना टाकून बोलणं जास्त त्यांच्या जखमा भरायला जास्त वेळ लागला. आमच्या नात्यातल्या एक काकू भरल्या घरात राहायच्या, सात माणसं, आणि त्यांच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. त्यांना एकटेपण नव्हतं असं कोण म्हणेल? म्हणून मला वाटतं विचारायचं ते असं, या माणसात आज काहीतरी वेगळं आहे हे ओळखणारं त्याच्या जवळ कोण आहे? बाटली कुठल्या हाताने दिली हे कोणाला कळेल? ते उत्तर पुण्यात असेल तर पुण्यात आणा, साताऱ्यात असेल तर तिथे राहू द्या आणि तुम्ही जात राहा. मी आता दर दुसऱ्या शनिवारी जाते, आणि गेल्यावर रिपोर्ट विचारत नाही आधी, आधी बसते.

जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल आला, त्यात म्हटलंय की जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणाने त्रासलेला आहे आणि त्यापायी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात. म्हणजे तासाला साधारण शंभर. आकडा वाचून मी आधी माझ्या भावाला फोन केला, मग हॉस्टेलच्या मैत्रिणीला, जिच्याशी मी चार वर्षं फक्त वाढदिवसाला बोलत होते. ती पण रडली, मी पण.

बाबांची साखर आता ७.३ आहे, बीपीच्या गोळ्या दोनच, वजन चार किलो परत आलंय. उजव्या हाताची पकड पूर्ण आली नाही, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. गॅलरीत आठ पावलं मोजणारा माणूस आता टेकडी अर्धी चढतो आणि वरून उतरणाऱ्यांची वाट बघत थांबतो.

स्ट्रोकनंतर ग्रुपने रोज हजेरी घ्यायला सुरुवात केली. नऊ जण आहेत. जो आला नाही त्याच्या घरी त्याच सकाळी कोणीतरी जातं, फोन नाही करायचा, जायचं, कारण फोनवर माणूस बरा आहे असंच सांगतो. प्रत्येकाच्या घराची एक चावी दुसऱ्या कोणाकडे तरी आहे. आणि मग पावणेसातच्या आसपास अण्णा आम्हा सगळ्यांच्या पोरांना मेसेज टाकतात, नुसता आकडा. मी उठल्यावर पहिलं तेच बघते.

आजचा मेसेज होता, नऊपैकी आठ. काळजाचा ठोका चुकला म्हणून लगेच बाबांना फोन लावला तर बिझी. दहा मिनिटांनी लागला. ग्रुपमधल्या एकाला त्यांच्या मुलाने महिन्याभरासाठी ठाण्याला नेलंय, सतराव्या मजल्यावर. तर रोज पहाटे त्यांना फोन लावून तो खिशात ठेवायचं काम बाबांकडे आलंय. "अर्ध्यापर्यंत माझ्या खिशात," बाबा म्हणाले, "तिथून वर अण्णाच्या."